कारण सापडलं ते वन्संचं

९ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. पेम्फिगस. नाव डॉक्टर मॅडमनी कागदावर लिहून दिलं, कारण मला ते म्हणताच येईना. ओठाच्या आतून सगळं सोललेलं असताना प आणि फ लागोपाठ म्हणजे शिक्षाच. दिवाळीपासून मी ज्याला उष्णता समजून गुलकंद खात होते, ते हे. दातांच्या डॉक्टरांनी लावायला जेल दिलं, घरच्या डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स. पाठीवर फोड आले तेव्हा कुठं कातडीच्या डॉक्टरकडं जायची अक्कल आली.

मॅडमनी नीट समजावलं. कातडीच्या पेशी एकमेकींना धरून असतात, मध्ये डिंकासारखं काहीतरी असतं. माझ्या रक्तातली राखण करणारी फौज त्या डिंकालाच शत्रू समजून खातेय. मग थर सुटतो, मध्ये पाणी भरतं, फोड येतो.

"पण कशामुळं?"

"पक्कं सांगता येत नाही. काहींच्या शरीरात मुळातच तशी प्रवृत्ती असते, मग कसलं तरी निमित्त होतं. कधी एखादं औषधही असतं. तुमच्यात तसं काही दिसत नाही."

"म्हणजे कुणामुळं नाही?"

"कुणामुळं नाही. आणि तुमच्यामुळं कुणाला होणारही नाही. हा लागत नाही."

हे तेव्हा गाडी लावायला जागा शोधत होते. आत आले तोवर गोळ्यांचं बोलणं सुरू झालेलं.

मला कुणीतरी हवं होतं. रिक्षानं उडवलं तर निदान रिक्षावाल्याला शिव्या देता येतात. हे काय, माझंच रक्त.

१३ फेब्रुवारी

पाठीवर नवे. ब्लाउज चिकटला. ह्यांनी कोमट पाण्यात फडकं भिजवून हळूहळू सोडवला. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या पाठीकडं इतका वेळ त्यांनी कधी बघितलं नसेल.

खाणं: गार दूध, मिक्सरमधून काढलेला भात. शेजारी रविवारचं मटण शिजत होतं. खिडकी लावून घेतली.

१९ फेब्रुवारी

शाळेत रजेचा अर्ज. स्टाफरूममध्ये प्रत्येकीकडं एक कारण तयार. एकीचं मत, केसांना लावायचा कलप. दुसरीचं, दूध आणि मासे एका जेवणात. तिसरी म्हणाली, "मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता." म्हणजे कलप मी लावला, मासे मी खाल्ले, मनाला मी लावून घेतलं. कुणाच्याही कारणात मी सुटत नाही.

सातवीला इतिहास शिकवताना 'लढाईची कारणे लिहा' असा प्रश्न दरवर्षी घालते. मुली चार कारणं पाठ करून लिहितात, पैकीच्या पैकी गुण देते. आता हसू येतं. म्हणजे, आलं असतं. हसलं की ओठ फाटतो.

२ मार्च

उचगावला गेलो. ह्यांच्या चुलत भावाच्या नव्या घराची वास्तुशांत. मी नको म्हणत होते. हे म्हणाले, "वन्सं येणारेत, तू नाही आलीस तर वाईट दिसेल."

वन्सं म्हणजे शालन वन्सं, ह्यांची थोरली बहीण. गारगोटीला दिलेली, दुभत्याचं मोठं घर. सासूबाई लवकर गेल्या, ह्यांना वन्संनीच वाढवलं. त्यामुळं आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. आमच्या लेकीचं, ऋतूचं, नाव त्यांनी ठेवलं, घराचा रंग त्यांनी सांगितला. आजवर मी ते चालवून घेतलं.

पंगत बसत होती. मी ऋतूशेजारी बसले. वन्सं वाढपात उभ्या. मला बघून थांबल्या आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिला वायलं वाढा रं. कागदाची पत्रावळ द्या. ताट नगं, सगळ्यांच्या ताटांत घासाय जाईल."

मी म्हटलं, वन्सं, हे लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय.

"डाक्टर काय सांगतोय. मागच्या अंगणातलं वारूळ पाडलंस ते सांगितलंस का त्यास्नी? नागाचा कोप हाय ह्यो. आणि जीभ लई चालवती म्हणून तोंडात पयलं उठलं."

बायका हसल्या. सगळ्या नाही, पण हसल्या.

वारूळ ह्यांनी पाडायला लावलं होतं, मागं खोली काढताना. कोप माझ्या पाठीवर. हे समोरच्या पंगतीत होते. पानातल्या मिठाकडं बघत बसले.

मी पायरीवर बसून कागदाच्या पत्रावळीत दहीभात कालवला. ऋतू आपलं ताट घेऊन माझ्याजवळ आली. तिला परत पाठवलं. त्यांनी मला एकटं बसवलंय ते सगळ्यांना दिसू दे.

३ मार्च

शालन वन्सं, हे मी विसरणार नाही. इथं लिहून ठेवतेय म्हणजे अंगातला ताप उतरला तरी शाबूत राहील.

११ मार्च

पन्हाळ्याहून फोन. ऋतूचं स्थळ. मुलगा सरळ, दोघं भेटलेली, बोलणी साखरपुड्यापर्यंत आलेली. मुलाची आई स्वतः बोलली. आवाज गोड.

"तसं काय नाही हो मॅडम, पण घरात चर्मरोग आहे असं कळलं. पुढं मुलंबाळं होणार. आमच्या घरची वयस्कर माणसं ऐकत नाहीत."

कुणाकडून कळलं ते विचारलं. आधी टाळलं. मग म्हणाली, माझी बहीण असते की गारगोटीला, तुमच्या वन्संच्याच आळीत.

ऋतू पुण्याहून आलेलीच होती. ऐकून म्हणाली, बरं झालं, असली माणसं आधीच कळली. मग अंघोळीला गेली आणि नळ खूप वेळ सोडून ठेवला.

ह्यांना सांगितलं. "अक्का मुद्दाम नाही करणार असं. बोलता बोलता निघून गेलं असेल तोंडातून."

त्यांच्या तोंडातून काय काय निघतं, आणि फोड माझ्या तोंडात.

१५ मार्च

दिवसभर पडून. पालथी. वन्संसाठी शिक्षा शोधत बसले. गोठ्यातल्या सगळ्या म्हशी एका दिवसात आटाव्यात. नको, म्हशींनी काय केलंय. त्यांच्या तोंडाला टाका पडावा, फक्त सणासुदीला. नातसुनेनं त्यांना कागदाच्या पत्रावळीत वाढावं. ही बरी होती. बराच वेळ पुरली.

४ एप्रिल

दवाखान्यात. सलाइनमधून मोठं इंजेक्शन, थेंब थेंब, दिवसभर. फौजेतले बिथरलेले शिपाई मारायचं औषध आहे म्हणे. मी बाटलीकडं बघत म्हणत होते, मार, सगळे मार.

बाजूच्या कॉटवरच्या बाईनं विचारलं, "पावणं, कुणाला मारताय?" मोठ्यानं बोलले वाटतं.

२२ एप्रिल

सुधारणा. पाठ सुकतेय. चेहरा मात्र स्टिरॉइडनं भाकरीसारखा फुगला. साखर वाढली. घरच्या डॉक्टरांनी साखरेची गोळी लिहून दिली होती, ती मॅडमनी खोडली.

"ही नको. ही चांगली गोळी आहे, लाखो लोक घेतात. पण क्वचित कुणाला हिच्यामुळंच अंगावर फोड येतात, जास्त करून वय झालेल्यांना. आजार वेगळा, तुमचा नव्हे. पण तुमच्या बाबतीत मला उगाच गोंधळ नको."

नाव बघून ठेवलं. शेवटी 'ग्लिप्टिन' येतं.

विचारलं, त्यांचं कसं ओळखायचं? मॅडमना शिकवायला आवडतं. म्हणाल्या, आधी कित्येक आठवडे नुसती खाज, लाल गांधी. मग टपोरे, ताठ फोड, मांड्यांवर, पोटावर. तोंड बहुतेक साफ राहतं. तुमचे फोड लेचेपेचे, हात लागला की फुटतात. त्यांचे टणक.

म्हणजे अशीही माणसं आहेत ज्यांना कारण मिळतं. पाकिटावर छापलेलं. गोळी थांबवली की सुटले.

२६ मे

हे गारगोटीला जाऊन आले. वन्संना उन्हाळा बाधलाय. सगळ्या अंगाला खाज, गांधी उठल्यात, गेरू लावून बसल्यात.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले म्हणे."

मी भाकरी उलटली. माझ्या हाताला चटका बसला तो कळला नाही.

८ जून

स्वतःहून म्हटलं, चला, वन्संना बघून येऊ. ह्यांना बरं वाटलं. बिचारे.

वन्सं सोप्यात बाजेवर. लुगडं सैल सोडलेलं. सून पूनम वारा घालत होती. मांडीवर, दंडावर, पोटाच्या वळ्यांत फोड. टपोरे. एकावर माशी बसली तरी फुटत नव्हता. आत पाणी पिवळसर, स्वच्छ.

"आ करा वन्सं."

"काय बघतीस?"

"तोंड."

तोंड साफ. जीभ गुलाबी. ती चालायला काहीच हरकत नव्हती.

पाणी प्यायला आत गेले. खिडकीत त्यांच्या गोळ्यांची पिशवी. पूनम म्हणाली, "साखरंची नवी दिली की डाक्टरनी, संक्रांतीच्या वक्ताला. तवापास्नं साखर ब्येस हाय." मी पाकीट उलटं करून वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

पाकीट होतं तसं ठेवलं. बाहेर येऊन चहा घेतला. वन्सं म्हणाल्या, "तुला काय कळतंय का ह्यातलं?"

"नाही हो. मी काय डॉक्टर आहे?"

येताना गाडीत हे म्हणाले, "आज तुझा चेहरा किती दिवसांनी खुललाय." खुललाच होता.

९ जून

त्यांनी सांगितलेलं कारण खोटं होतं आणि सगळ्यांनी ऐकलं. माझ्याकडचं कारण खरं आहे आणि ते मी कुणाला सांगणार नाही. हा सौदा बरोबर आहे. मी त्यांना काहीही केलेलं नाही. नागानं केलंय समजा.

१६ जून

शाळा सुरू. मुली चेहऱ्याकडं बघतात, मग खाली बघतात. एक धीट निघाली. "बाई, तुम्हाला काय झालेलं?" सांगितलं, माझंच सैन्य माझ्यावर उलटलं होतं. "फितुरी?" असं म्हणाली. हो गं, फितुरी. सगळ्या वर्गाला कळलं. स्टाफरूमपेक्षा बरा वर्ग.

वन्संचं: फोड वाढलेत. तिथल्या डॉक्टरांनी खाजेच्या गोळ्या दिल्यात. साखरेची चालूच आहे, मी मुद्दाम विचारलं. माझ्या आवाजात काळजी होती. इतकी चांगली उतरली की पूनम म्हणाली, "मामी, तुमीच एक चौकशी करताय."

फोन ठेवल्यावर गार पाणी प्याले.

२२ जून

उचगावच्या जाऊबाईंनी कळवलं. वन्सं येईल जाईल त्याला सांगताहेत, "विद्याकडनंच लागलं मला. वास्तुशांतीला तिच्या पत्रावळीस हात लागलावता. ती बरी झाली आन् माझ्या अंगावर टाकलं."

हे लक्षात आलं नव्हतं. मी गप्प बसून त्यांच्याच हातात पुरावा दिला. आता त्यांच्या अंगावरचा एकेक फोड माझ्याविरुद्ध साक्ष देतोय.

आणि दुसरं. आज ह्यांनी माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळत घातला. विचारलं तर म्हणाले, "तसं नाही गं. पण अक्कालाही झालं म्हणजे... खरंच लागत असेल का?"

ह्याच माणसानं माझी पाठ सोडवली होती.

"तिकडच्या खोलीत झोपा," म्हटलं. गेले. मी जा म्हटल्यावर इतक्या लवकर ते कधीच कुठं गेले नव्हते.

२७ जून

पूनमचा फोन. रडत होती. वन्सं तापानं फणफणल्यात, फोड फुटून चिघळलेत, वास येतोय. कुणीतरी सांगितलं म्हणून फुटलेल्यावर राख लावली. आत्त्या, सासूला ती आत्त्याच म्हणते, जेवत नाहीत. "मामी, तुमी ह्यातनं गेलाय. काय तर सांगा की."

येते म्हटलं.

२८ जून

एसटीनं एकटी गेले. ह्यांना सांगितलं नाही.

वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. वाक्यंसुद्धा. पूनमला दूध आणायला पाठवलं आणि वन्संजवळ बसले. डोळे खोल गेलेले. राखेचे पापुद्रे.

म्हटलं, "वन्सं, तुमचं कारण मला माहीत आहे. उपाय आहे. सांगते. पण आधी पन्हाळ्याला फोन लावायचा. ऋतूच्या त्या माणसांना. सांगायचं की हे लागत नाही, घराण्यातलं नाही, मी चुकीचं बोलले. मग उचगावला. स्पीकर चालू ठेवून."

त्यांनी मान उचलली.

"कवापास्नं ठाव हाय तुला?"

मी पिशवीतून फोन काढून बाजेवर ठेवला.

"गेल्या वक्ताला आलतीस तवाच ना. तोंड बघितलंस माझं." मग थोडं हसल्या. हसताना त्यांचा ओठ फाटत नाही. "मला वाटलंच हुतं. माझ्यासारकीच निघालीस की."

"फोन, वन्सं."

"मरंन. तुज्या फुडं तोंड न्हाय वेंगाडणार मी."

"मग मरा."

हे मी म्हटलं. मोठ्यानं नाही. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. वळताना पाठीवरचा फोड बाजेच्या सुंभाला घासून फुटला आणि त्या आवाज न करता नुसत्या आखडल्या. ते आखडणं मला ओळखीचं. कापड चिकटलं की तसंच होतं.

पिशवी घेतली, निघाले. दारात पूनम दुधाचा तांब्या घेऊन उभी. "मामी, काय झालं?" काही नाही म्हटलं.

एसटीत शेजारची बाई ऊस सोलून खात होती. पुढं केला. कधी नव्हे ते घेतला. चावला. तोंड बरं झालंय माझं.

२९ जून

सकाळी शाळेत जायच्या आधी पूनमला फोन केला. सांगितलं: आत्त्यांना गाडीत घाल, कोल्हापूरला आमच्या मॅडमकडं आण. गोळ्यांची सगळी पाकिटं बरोबर. साखरेची नवी आहे ती पहिल्यांदा दाखव, फोड तिच्यामुळं असतील का असं विचार. राख धुऊन काढ.

दया आली म्हणून नाही. इथं तरी खोटं लिहायला नको. त्या मेल्या तर पन्हाळ्याला फोन कोण करणार? मेलेल्या माणसाकडून काही वसूल होत नाही. उलट फोटोला हार घालून मलाच रडावं लागलं असतं, आणि माझ्यामुळं गेल्या असं कायमचं नावावर. मला त्या जिवंत आणि धडधाकट पाहिजेत.

आणि ते आखडणं. ते डोळ्यासमोरून जात नाही. पण ते नंतरचं कारण.

१ जुलै

मॅडमकडं. वन्संना खुर्चीतून आणलं. हे, पूनम, मी. मॅडमनी पाकीट बघितलं, फोड बघितले, तोंडात बॅटरी मारली. कातडीचा तुकडा तपासायला घेतला.

"रिपोर्ट येईल, पण मला ही गोळी असण्याची दाट शक्यता वाटते. आजपासून बंद. साखरेसाठी दुसरी देऊ. जखमा चिघळल्यात, चार दिवस ॲडमिट व्हा. जरा आधी आणायला हवं होतं."

कुणी माझ्याकडं बघितलं नाही. वन्संनी बघितलं.

पूनमनं विचारलं, "मॅडम, ह्ये मामींकडनं लागलं असंल का?"

"मुळीच नाही. दोन्ही आजार वेगळे. दोन्ही लागत नाहीत. ताट, टॉवेल, अंथरूण, कशानंही नाही."

टॉवेल त्यांनी आपणहून म्हटलं. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते भिंतीवरचा कातडीच्या थरांचा तक्ता वाचत होते. फार मन लावून.

वन्सं बारीक आवाजात म्हणाल्या, "मग नागाचं काय न्हाय?"

"आजी, गोळीचं आहे."

मला वाटलं होतं ह्या क्षणी फार गोड वाटेल. वाटलं, थोडं. मग दुसरंच चढलं. वन्संना कारण मिळालं. गोळी बंद, आजार बंद. मी कुणाला चारचौघांत हिणवलं नाही, कुणाच्या पोरीचं स्थळ मोडलं नाही, आणि माझ्यासाठी मॅडमकडं अजून तेच, पक्कं सांगता येत नाही. न्याय असता तर उलटं झालं असतं.

२ जुलै

हे उशी घेऊन आमच्या खोलीच्या दारात. "चुकलं माझं."

"तिकडंच झोपा अजून. टॉवेल वाळला की सांगते."

२० जुलै

रिपोर्टमध्ये गोळीवालाच आजार निघाला. वन्सं घरी गेल्या. मलमं चालू, नवे फोड नाहीत. पूनम सांगते, भाकरी मागून खातात.

उचगावच्या जाऊबाईंचा निरोप: वन्संनी नागोबाला दुधाचा नवस बोलला होता, त्यानं उतार पडला, असं सांगताहेत. गोळीचं नाव कुठंच नाही. माझंही नाही. पन्हाळ्याला फोन नाही.

वाटलं तसंच. आता पुढचं ठरवायचं. जाऊबाईंच्या नातवाचं जावळ श्रावणात आहे. पुन्हा तोच मांडव, तीच माणसं. मी वन्संना तिथं सगळ्यांसमोर विचारणार, साखरेची गोळी कुठली चालू आहे वन्सं? पहिली का बंद केली? इतिहासाच्या बाईला उलटतपासणी येते.

२९ जुलै

गालाच्या आत नवा फोड. जीभ लावून लावून बघितलं. मॅडम म्हणाल्या, होतं असं मधूनच, डोस थोडा वाढवू, पुढच्या इंजेक्शनचं बघू.

"आता कशामुळं?"

त्यांनी नुसतं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हातमोजा न घालता. मला शाळेतल्या त्या मुलीसारखं वाटलं जी उत्तर चुकूनही बाईंना आवडते. रिक्षात रडले.

३ ऑगस्ट

ऋतूला फोनवर जावळाचा बेत सांगितला. तिला आवडेल वाटलं.

"आई, ते स्थळ मला आता नकोच आहे. त्यांनी पुन्हा विचारलं तरी नको."

"मग फोनचं काय?"

"तो तुला हवाय. मला नाही."

लगेच म्हणाली, "हवा असला तर मिळव. मी काही म्हणत नाही. फक्त माझ्या नावावर नको घालूस."

माझ्या पोटची आहे. अगदी नेमकं बोलते. वन्संनी नाव ठेवलं, बाकी काही घेतलं नाही तिनं त्यांचं.

८ ऑगस्ट

ह्यांनी दोरीवरून दोन्ही टॉवेल एकत्र घडी घालून कपाटात ठेवले, मी बघतेय हे बघून. बोलले नाही. उद्या परवा बोलेन.

१० ऑगस्ट

पूनमचा फोन. आधी म्हशीचं बोलली, मग पावसाचं. मग म्हणाली, "मामी, आत्त्या पन्हाळ्याच्या त्या पावण्यांचा नंबर मागत्यात."

"कशाला?"

"सांगत न्हाईत. सकाळधरनं तीन डाव म्हणाल्या, विद्याकडनं नंबर घे."

"त्यांची बहीण तुमच्या आळीतच आहे. तिच्याकडं मिळेल की."

"मी बी त्येच म्हणलं. त्या म्हणल्या, न्हाय, विद्याकडनंच पायजे."

मागनं वन्संचा आवाज आला, "दिती का न्हाय ईचार." पूनमनं फोन त्यांच्या कानाला लावला असावा, कारण श्वास ऐकू आला. मी काही बोलले नाही, त्याही नाहीत. दोघींना एकमेकींचं गप्प बसणं आता चांगलं कळतं. मग फोन बंद झाला.

काय बोलणार आहेत? चूक कबूल करणार, की आणखी काही सांगणार? कबूल करायचं असेल तर मला कळावं म्हणून माझ्याकडं मागितलाय. बिघडवायचं असेल तरी त्यासाठीच. ऋतूला ते घर नकोच आहे, म्हणजे बिघडण्यासारखं तिथं आता काही उरलेलं नाही. तरी हात थांबतो.

नंबर फोनमध्ये आहे. पूनमचं नाव उघडून ठेवलंय, पाठवायचं तेवढं राहिलंय. गालातला फोड संध्याकाळी फुटला, मिठाच्या पाण्यानं चूळ भरली. वन्सं तिकडं बाजेवर बसून वाट बघत असतील, त्यांना वाट बघायची सवय नाही.

बघू देत थोडी.